आयरिश नाचात हात खाली का? (आणि लेकीला स्पर्धेला घालावं का?)

तगर
नमस्कार मंडळी. आम्ही आयर्लंडात लिमरिकजवळ राहतो. लेक सात वर्षांची आहे, शाळेच्या हॉलमध्ये भरणाऱ्या आयरिश डान्सच्या क्लासला जाते. आता बाई म्हणतात, हिचे पाय चांगले पडतात, हिला स्पर्धेच्या गटात घालू या. त्यावरून दोन प्रश्न.

पहिला निव्वळ कुतूहलाचा. या नाचात कमरेच्या वर कोणी राहतच नाही! दोन्ही हात बाजूला चिकटलेले, मान ताठ, चेहरा बँकेच्या रांगेत उभा असल्यासारखा, आणि खाली पायांचा नुसता दंगा. मी शाळेत असताना भरतनाट्यम शिकले. तिथे बाई डोळ्यांच्या कोपऱ्याचाही हिशोब मागायच्या, त्यामुळे मला हे झेपत नाही. बरं, पश्चिम किनाऱ्यावर कॉनेमाराकडे फिरायला गेलो होतो तेव्हा एका पबमध्ये सत्तरीचे एक आजोबा नाचले. हात मोकळे, खांदे सैल, मधूनच कोणाला तरी डोळा मारत. लोक म्हणाले, हाच खरा जुना नाच. मग क्लासात शिकवतात तो कुठला? ऑफिसात एकाने सांगितलं, हात चर्चने बांधले. दुसऱ्याने सांगितलं, इंग्रज शिपायांना खिडकीतून नाच कळू नये म्हणून ही युक्ती.

दुसरा प्रश्न पैशांचा आणि डोक्याच्या तापाचा. विग, ड्रेस, शनिवार-रविवार कुठे ना कुठे स्पर्धा, असं ऐकते. पडावं का यात? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खवचट
खिडकीतून दहा डोकी एकदम वरखाली होताना दिसली की शिपाई म्हणत असणार, "काही नाही साहेब, लोणी घुसळताहेत."

अनाहूत
वाचतोय. चहा टाकलाय.

लिफीकाठचा
खिडकीची गोष्ट इथे टॅक्सीवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळे सांगतात. खोल्या लहान होत्या, नाच पिंपावर व्हायचा, राणी एलिझाबेथसमोर नाचायला नेलेल्यांनी निषेध म्हणून हात हलवले नाहीत, अशा आणखी चार आवृत्त्या मिळतील. पुरावा विचारला की सांगणारा पुढच्या पाइंटकडे वळतो.

कागदावर जे सापडतं ते एवढं रंगीत नाही. अठराव्या शतकात गावोगाव फिरते नाचमास्तर असत. आर्थर यंग नावाचा इंग्रज १७७६ ते १७७९ या काळात आयर्लंडभर हिंडला. त्याने लिहिलंय की हे मास्तर झोपडी-झोपडी फिरतात, बरोबर एक पायपर नाहीतर आंधळा फिडलवाला असतो, आणि फी तीन महिन्यांना सहा पेन्स. मास्तर नाचाबरोबर चारचौघांत उभं कसं राहावं, वाकून नमस्कार कसा करावा, हेही शिकवत. अंग ताठ ठेवणं हा त्यांच्या लेखी सभ्यपणाचा भाग. ज्या पोरांना डावं-उजवं कळत नसे त्यांच्या एका पायाला गवत आणि दुसऱ्याला पेंढा बांधत म्हणे, आणि "गवत उचल, पेंढा उचल" करत शिकवत.

पण खरा शिक्का बसला तो नंतर. १८९३ साली डग्लस हाइड वगैरे मंडळींनी गेलिक लीग काढली. हेतू भाषा वाचवण्याचा, पण भाषेपाठोपाठ नाच, खेळ, पोशाख सगळंच आलं. मजा म्हणजे पहिली 'केली', म्हणजे ठरवून केलेली जाहीर नाचगाण्याची संध्याकाळ, झाली लंडनमध्ये, ३० ऑक्टोबर १८९७ ला, ब्लूम्सबरीत. मग लीगने काय आयरिश आणि काय परकं याची छाननी सुरू केली. खेड्यापाड्यात पिढ्यानपिढ्या नाचले जाणारे 'सेट', म्हणजे चार जोड्यांचे नाच, फ्रेंच क्वाड्रिल नाचावरून आलेले, म्हणून बाद. दक्षिणेकडच्या, म्हणजे कॉर्क-केरी आणि तुमच्या लिमरिकच्या मास्तरांची घोटीव शैली नमुना म्हणून उचलली. कॉनेमाराचा सैल हातांचा शॅन-नोस त्या चौकटीत बसलाच नाही. १९३० च्या सुमारास नाचाचं नियमन करणारं कमिशन स्थापन झालं, शिक्षकांच्या आणि परीक्षकांच्या परीक्षा आल्या, नियम छापले गेले. एकदा ताठ हातांना गुण मिळायला लागले की शिक्षक दुसरं काय शिकवणार?

म्हणजे तुमच्या लेकीच्या बाई आणि पबातले आजोबा, दोघांचाही नाच अस्सल. फक्त एकाची परीक्षा झाली, दुसऱ्याची नाही.

खवचट
थोडक्यात, हात इंग्रजांनी बांधले नाहीत, परीक्षकांनी बांधले.

सातीआसरा
लिफीकाठचा, सुंदर प्रतिसाद. पण तगर, "वर कोणी राहतच नाही" याला माझा विरोध. मी कथकवाली. आमच्याकडे तत्कार करताना वरचं अंग मुद्दाम शांत ठेवायला लावतात, म्हणजे पायांतला फरक ऐकू येतो. आयरिश नाचात तेच टोकाला नेलंय. कडक बुटांचा नाच डोळे मिटून ऐकून बघा. चवड्याचा आवाज वेगळा, टाचेचा वेगळा, हवेत टाचेवर टाच आपटल्याचा तिसराच. पूर्वी आवाजासाठी तळव्याला खिळे ठोकत, आता फायबरग्लासचे तुकडे असतात. मऊ बुटांच्या नाचात आवाजच नाही, तिथे सगळा खेळ उंचीचा आणि हवेत किती वेळ राहिलात त्याचा.

आणि आपण तळवा सपाट आपटतो, वजन जमिनीत सोडतो. ते सतत चवड्यांवर, वजन वर उचललेलं. मी एका कार्यशाळेत गेले होते, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पोटऱ्यांनी रडवलं.

रावसाहेब
सगळे चर्चला फारच स्वस्तात सोडताय. हात चर्चने बांधले नसतील, पण नाच बांधायचा प्रयत्न नक्की केला. १९२५ साली बिशपांनी नाचाच्या दुष्परिणामांवर एक निवेदन काढलं, ते चर्चमध्ये वाचून दाखवलं जायचं. पुढे १ जानेवारी १९३४ ला लीट्रिम परगण्यात मोहिल या गावी जॅझविरोधी मोर्चा निघाला. पुढारी एक धर्मगुरू, आणि गेलिक लीग त्यात सामील. आणि १९३५ साली कायदाच आला: सार्वजनिक नाच करायचा तर जिल्हा कोर्टाकडून परवाना हवा.

त्या कायद्यात घरगुती नाचावर थेट बंदी नव्हती. पण पाद्री आणि पोलीस यांनी मिळून तो स्वयंपाकघरातल्या आणि चौकातल्या नाचांवरही चालवला. परिणाम असा की नाच घरातून निघून पाद्र्याच्या देखरेखीखालच्या हॉलमध्ये गेला. हॉल मोठा, तिथे एक फिडल ऐकू जाईना, म्हणून दहा-दहा जणांचे केली बँड, पियानो आणि ड्रमसकट. आज ज्याला लोक पारंपरिक बँड म्हणतात त्याची वाढ अशी झाली.

त्याच लीट्रिममध्ये जिमी ग्राल्टन नावाचा माणूस होता. अमेरिकेहून परत आला, गावात हॉल बांधला. तिथे नाच व्हायचा, वर्ग चालायचे, डाव्या विचारांच्या सभाही व्हायच्या. चर्च खवळलं. १९३३ साली सरकारने त्याला परदेशी ठरवून हद्दपार केलं. जन्म त्याच परगण्यातला, आणि हद्दपार आपल्याच देशातून! केन लोचचा २०१४ चा सिनेमा त्याच्यावरच आहे.

सातीआसरा
हे वाचून तमाशा आठवला. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या काळात बंदी आली, मग सुधारणा समिती बसली आणि अटी पाळून फड पुन्हा उभे राहिले. नवं राष्ट्र झालं की पहिली नजर नाचणाऱ्यांवर का जाते कोण जाणे.

रावसाहेब
@सातीआसरा, कारण नाचणारे मत मागायला येत नाहीत.

ठेकेदार
उशिरा आलो. नाचावर बरंच झालं, तालावर कोणीच नाही? हा अन्याय आहे.

जिग म्हणजे ६/८, तीन-तीनचे दोन गट. आपला दादरा डोक्यात ठेवून ऐकलात तर लगेच बसेल, पण खाली-भरीचा हिशोब सोडून द्या, ती भानगड तिथे नाही. रील चारचा, सरळ पळणारा. हॉर्नपाइपही चारचाच पण झुलत चालतो. स्लिप जिग ९/८, तीनाचे तीन गट. मऊ बुटांचा स्लिप जिग स्पर्धेत बहुतेक मुलीच नाचतात आणि माझ्या मते या सगळ्यात देखणा तोच. केरी-कॉर्कच्या सीमेवरच्या स्लीव्ह लूक्रा भागात पोल्का आणि स्लाइड चालतात. तिथला पोल्का ऐकून मध्य युरोपातला माणूस ओळखणार नाही, इतका तो तिखट झालाय. बहुतेक धून दोन भागांची, प्रत्येक भाग आठ मात्रावर्तनांचा, दोनदा वाजवायचा, म्हणजे एकूण ३२. ती दोन-तीनदा वाजवून न थांबता पुढच्या धुनेत उडी मारायची. मेहफिलीतली मजा त्या उडीत आहे. कोणती धून येणार हे कोणी सांगत नाही, पहिले दोन सूर ऐकून बाकीचे पकडतात.

आणि धून शिकली जाते कानाने. इथे नोटेशन समोर ठेवून सेशनला, म्हणजे वादकांच्या मेहफिलीला, बसलात तर कोणी हाकलत नाही, पण चहा थंड मिळतो.

खवचट
ठेकेदार, तबला घेऊन गेला होतात का कधी सेशनला?

ठेकेदार
गेलो होतो. सुरुवातीला सगळ्यांनी कौतुक केलं. मग कोपऱ्यातल्या बॉरॉनवाल्याचा चेहरा पडला. बॉरॉन म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचा मोठा डफ, छोट्या काठीने वाजवतात. सेशनमध्ये एकच बॉरॉन असावा असा अलिखित नियम आहे, आणि कित्येकांच्या मते तोही जास्तच होतो. बॉरॉनवाल्यांवरचे विनोद म्हणजे आपल्याकडचे माईकवाल्यांवरचे विनोद. तबला आला म्हटल्यावर दोन तालवाले झाले. पुढच्या वेळी मी नुसता ऐकायला गेलो आणि सगळ्यांशी छान दोस्ती झाली.

चिंटूची_आई
आमच्या मंडळाच्या गणपतीत दोन मुलींनी आयरिश नाच केला होता, ढोल-ताशावर! ताशाची लय चढत गेली आणि पोरी थांबेनात. शेवटी ताशावाल्यानेच हात जोडले.

जुनी_तबकडी
रावसाहेबांनी हॉलपर्यंत आणून सोडलंय, तिथून पुढे मी नेतो. हा धागा नाचाचा असला तरी आयर्लंडच्या लोकप्रिय संगीताचं मूळ त्या हॉलमध्येच आहे.

पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस शोबँड आले. सात-आठ जण, एकसारखे सूट, ब्रास सेक्शन, आणि रेडिओवर गाजणारी अमेरिकन गाणी हुबेहूब. वॉटरफर्डचा रॉयल शोबँड इतका मोठा होता की १९६२ साली लिव्हरपूलला त्यांच्या आधी वाजवायला बीटल्स होते. गावोगाव प्रचंड बॉलरूम उभे राहिले. एका बाजूला मुलगे, दुसऱ्या बाजूला मुली, मध्ये रिकामी फरशी. बऱ्याच ठिकाणी दारूचा परवाना नसायचा, मिळायचा तो चहा आणि लिंबूपाणी. (लीट्रिममध्येच ग्लेनफार्नला असला एक बॉलरूम अजून आहे. छोटासा परगणा, पण नाचाच्या इतिहासात पुन्हा पुन्हा येतो.) अल्बर्ट रेनॉल्ड्स आणि त्यांच्या भावाने अशा बॉलरूमची साखळीच उभारली होती. तेच रेनॉल्ड्स पुढे १९९२ ते १९९४ देशाचे पंतप्रधान.

शोबँडवर आज लोक हसतात, नकलाकार म्हणतात. मला ते पटत नाही. पगारी वादकांची एक अख्खी पिढी तिथे तयार झाली. आणि हे बँड सीमेच्या दोन्ही बाजूंना, दोन्ही धर्मांच्या लोकांसमोर वाजवत. म्हणूनच १९७५ ची घटना इतकी लागते. ३१ जुलैला मायामी शोबँड उत्तर आयर्लंडातल्या बॅनब्रिजहून कार्यक्रम करून डब्लिनला परतत होता. वाटेत लष्करी तपासणी नाक्याचं सोंग करून युव्हीएफ या ब्रिटनवादी सशस्त्र संघटनेच्या बंदूकधाऱ्यांनी गाडी अडवली. गाडीत बॉम्ब ठेवताना तो त्यांच्याच हातात फुटला, मग त्यांनी गोळीबार केला. तीन वादक मारले गेले: फ्रॅन ओटूल, ब्रायन मॅकॉय, टोनी गेराटी. त्यानंतर उत्तरेला जायला बँड धजेनात.

अनाहूत
हे माहीत नव्हतं. धागा साठवला.

लिफीकाठचा
जुनी_तबकडी, याच काळात दुसरीकडे काय चाललं होतं तेही लिहा की. शॉन ओ रीडा, चीफटन्स वगैरे.

जुनी_तबकडी
लिहितो. साठच्या दशकात शॉन ओ रीडाने लोकसंगीताला मैफलीच्या मंचावर आणलं. त्याच्या गटातल्या पॅडी मोलोनीने १९६२ साली चीफटन्स हा गट काढला. इलन पाइप्स (आयरिश बॅगपाइप), फिडल, बासरी, सगळं ऐकायला, नाचायला नाही. हा मोठा बदल होता, कारण तोवर ही वाद्यं नाचाची चाकर होती. मग १९७२ चा प्लँक्स्टी हा गट. त्यातलं बुझुकी तर ग्रीसचं वाद्य, साठच्या दशकात इथे आलं आणि आज सेशनमध्ये असं बसतं की जणू इथलंच. १९७३ साली हॉर्सलिप्सने जुन्या कूचगीताच्या धुनेवर इलेक्ट्रिक गिटार चढवली. थिन लिझीने दरोडेखोराचं जुनं गाणं रॉकमध्ये आणलं. लंडनच्या आयरिश वस्त्यांतून पोग्ज आले, पंक आणि लोकसंगीत एका दमात. आता डब्लिनचा लँकम ऐका. तीच जुनी गाणी, पण इतकी संथ आणि भीषण की रात्री एकट्याने ऐकू नयेत.

मनवा७
मी शिकागोहून. दोन्ही मुली नाचतात, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. पण आधी आमच्या गावाचा मान. आयरिश नाचाच्या धुनांचा सगळ्यात गाजलेला संग्रह कोणी केला? शिकागोच्या पोलीसप्रमुखाने! फ्रान्सिस ओनील, जन्म १८४८, कॉर्क परगण्यातला. पोलिसात भरती होणाऱ्या आयरिश वादकांकडून धुना गोळा करायचा. १९०३ साली त्याने १८५० धुनांचं पुस्तक काढलं. तसंच न्यूयॉर्कमध्ये १९२० च्या दशकात स्लायगोच्या मायकल कोलमनने फिडलच्या तबकड्या केल्या, त्या आयर्लंडला पोचल्या आणि भलत्याच परगण्यातले लोकही स्लायगोच्या ढंगात वाजवू लागले. म्हणजे "खरं जुनं" म्हणून जे ऐकतो त्यातलं बरंचसं अमेरिकेला जाऊन आलेलं आहे.

खवचट
पोलीसप्रमुखाकडे धून लपवायची कोणाची हिंमत?

रावसाहेब
आणि अमेरिकेहून परत आलेला सगळ्यात मोठा माल म्हणजे रिव्हरडान्स, तो आयरिश नाचाचा भव्य शो. तो पर्यटकांचा नाच. त्यावर स्पष्ट बोला कोणीतरी.

मनवा७
रावसाहेब, मुख्य जोडी अमेरिकेत जन्मलेली होती हे खरं. मायकल फ्लॅटली शिकागोचा, जीन बटलर न्यूयॉर्ककडची. पण दोघंही त्याच हात-खाली स्पर्धांमधून आलेले. फ्लॅटलीने १९७५ ची जागतिक स्पर्धा जिंकली होती.

लिफीकाठचा
"पर्यटकांचा" हे मला मान्य नाही. ३० एप्रिल १९९४, डब्लिनमध्ये युरोव्हिजन ही युरोपातल्या देशांची गाण्यांची स्पर्धा, आणि मतमोजणीच्या वेळात भरायला सात मिनिटांचा तुकडा. संगीत बिल व्हेलनचं. तो आकाशातून पडला नाही. १९८१ साली, तेव्हाही युरोव्हिजन डब्लिनला होती, तेव्हाच्या मध्यंतरासाठी व्हेलन आणि प्लँक्स्टीने असाच तुकडा केला होता. नंतर व्हेलनने बाल्कन संगीतावर काम केलं, आणि ते ओढाताणीचे ताल रिव्हरडान्समध्ये स्पष्ट ऐकू येतात. १९९५ च्या फेब्रुवारीत पूर्ण लांबीचा प्रयोग आला, त्यात फ्लामेंको होतं, टॅप होतं.

आणि तगर यांच्या प्रश्नाला धरून: फ्लॅटली मंचावर आला तो हात पसरून. स्पर्धेत ज्याचे गुण गेले असते त्यावर सभागृह उभं राहिलं. त्या दिवशी इथल्या लोकांना पहिल्यांदा वाटलं की शाळेत नको-नको म्हणत शिकलेला नाच मादक असू शकतो. त्यानंतर क्लासांना रांगा लागल्या. पण गंमत अशी की त्या क्लासांत शिकवलं गेलं ते पुन्हा हात खाली ठेवूनच.

जुनी_तबकडी
अवांतर: १९९४ च्या त्या रात्री पंतप्रधान होते अल्बर्ट रेनॉल्ड्स, बॉलरूमवाले.

खवचट
हा माणूस बरोबर जागी उभा राहायचा.

ठेकेदार
"पर्यटकांचं" यावर माझे दोन पैसे. डब्लिनच्या टेम्पल बार या पबांच्या भागात पर्यटक डोळ्यांत पाणी आणून जी "जुनी आयरिश" गाणी म्हणतात ती बघा. डॅनी बॉयचे शब्द इंग्रज वकिलाचे, १९१३ चे. डर्टी ओल्ड टाउन इंग्लंडमधल्या सॅलफर्डवर. गॉलवे गर्ल लिहिलं अमेरिकन स्टीव्ह अर्लने. आणि दुष्काळातलं लोकगीत म्हणून स्टेडियममध्ये गर्जतात ते फील्ड्स ऑफ अॅथेनराय १९७० च्या दशकातलं, डब्लिनच्या पीट सेंट जॉनचं. तरी शेवटचं मला खरंच लोकगीत वाटतं. चाळीस-पन्नास हजार लोक शब्द न बघता म्हणतात, अजून काय हवं?

चिंटूची_आई
आणि तगर लिमरिकच्या असून क्रॅनबेरीज या तिथल्या बँडचं नाव कोणी काढलं नाही? आमच्या पुण्यातल्या कॉलेजच्या प्रत्येक बँडने त्यांचं झॉम्बी हे गाणं वाजवलंय, शब्दांचा अर्थ न कळता.

तगर
इथे तो विषय गावाचा अभिमान आहे हो. वॉरिंग्टनच्या १९९३ च्या बॉम्बस्फोटात दोन लहान मुलं गेली, त्यावर डोलोरेस ओरिऑर्डनने ते लिहिलं. २०२३ च्या रग्बी विश्वचषकात पॅरिसच्या स्टेडियममध्ये आयरिश प्रेक्षक तेच गात होते. त्यावरूनही वाद झाला, ते गाणं नेमकं कोणावर बोट ठेवतं म्हणून.

बाकी सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. पण माझा दुसरा प्रश्न वाऱ्यावर आहे. बाईंना शुक्रवारी उत्तर द्यायचंय.

मनवा७
घ्या. आमच्याकडचा अनुभव सांगते, तुमच्याकडे थोडा फरक असेल.

सुरुवातीच्या पायऱ्यांना खर्च नाही. साधा स्कर्ट किंवा क्लासचा ड्रेस, मऊ बूट, पांढरे पूडल मोजे. मोजे वर राहावेत म्हणून पायाला गोंद लावतात, हो, खरंच गोंद. खर्च सुरू होतो तो वरच्या स्पर्धांना, स्वतंत्र सोलो ड्रेस आला की. नवा ड्रेस हजार-दोन हजार युरोंच्या घरात सहज जातो, वर खडे, विग, मुकुट. पूर्वी रात्रभर केसांना चिंध्या गुंडाळून कुरळे करायचे, त्यापेक्षा विग परवडला असं आया म्हणतात. सेकंडहँड ड्रेसचा बाजार मोठा आहे, आम्ही दोन्ही वेळा तिथूनच घेतला.

बाईंना विचारा: त्या कोणत्या संघटनेच्या, टी.सी.आर.जी. (कमिशनची शिक्षकांची परीक्षा) झालेल्या आहेत का, वर्षाला किती फेश (स्पर्धा) करायला लावतात, आणि स्पर्धेच्या गटात न जाता नुसतं शिकत राहिलं तर चालेल का. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्या कशा देतात त्यावरून क्लास कळतो.

मुलीला जिंकायची हौस असेल तर स्पर्धेसारखी शिस्त नाही. माझी मोठी तिथेच धीट झाली. धाकटी दर स्पर्धेआधी उलट्या करायची, तिला काढली, आता ती सांघिक नाच करते आणि मजेत आहे.

सातीआसरा
मला एक खटकतं ते लिहितेच. सात वर्षांच्या मुलीला विग, चेहऱ्याला रंग, पायांना टॅन, हे कशासाठी? आणि २०२२ मध्ये निकाल फिक्स केल्याचे आरोप झाले, शिक्षक-परीक्षकांच्या मेसेजचे स्क्रीनशॉट पेपरात आले, कमिशनला माजी न्यायाधीशांकडे चौकशी सोपवावी लागली. शिक्षकच परीक्षक असतात अशा छोट्या वर्तुळात हे होणारच.

रावसाहेब
इथे मी उलट बाजू घेतो. स्पर्धा वाईट म्हणणं सोपं आहे. पण बॉस्टन, मेलबर्न, ग्लासगोच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या पोरांनी हा नाच धरून ठेवला तो कशाच्या जोरावर? पदकाच्या. १९७० साली डब्लिनला सुरू झालेली जागतिक स्पर्धा २००९ मध्ये फिलाडेल्फियाला गेली, एवढी मुळं तिकडे पसरली होती. आपल्याकडे स्पर्धा नसलेल्या किती कला उरल्या ते मोजा. फक्त स्पर्धेच्या नाचाला 'हाच खरा' म्हणू नये, एवढंच.

लिफीकाठचा
रावसाहेबांशी आज दुसऱ्यांदा सहमत, तब्येत बघायला हवी.

तगर, तिसरा रस्ताही आहे. लीगने बाद केलेले सेट ऐंशीच्या दशकापासून जोरात परत आलेत. क्लेअरमध्ये मिलटाउन मॅलबेला १९७३ पासून दर जुलैमध्ये विली क्लॅन्सी समर स्कूल भरतं. सकाळी वर्ग, रात्री गावभर सेशन. तिथे सेटही शिकवतात आणि शॅन-नोसही. तुमच्यापासून गाडीने फार लांब नाही. आणि हे तुमच्या गावातच: लिमरिक विद्यापीठात १९९४ साली मीहाल ओ सुलेवॉन यांनी सुरू केलेली वर्ल्ड अकादमी. जीन बटलर आणि फ्लॅटलीच्या जागी आलेला कॉलिन डन, दोघंही रिव्हरडान्सनंतर तिथे शिकायला गेले. डनचे नंतरचे प्रयोग बघा, पायाखालच्या आवाजाशी खेळत तो हातही मोकळे सोडतो. तिथले विद्यार्थ्यांचे कार्यक्रम लोकांना बघता येतात, लेकीला घेऊन जा.

ठेकेदार
आणि हात हवेच असतील तर केलीचे नाच आहेतच. कमिशनच्या पुस्तकातल्या ३० सांघिक नाचांत हातात हात धरल्याशिवाय पान हलत नाही.

तगर
आज बाईंशी बोलले. मनवाताईंचा शेवटचा प्रश्न विचारला. त्या हसून म्हणाल्या, नुसतं शिकायचं असेल तर मंगळवारचा गट आहे, पण हिला तिथे कंटाळा येईल. लेकीला विचारलं तर ती म्हणते, आवाज करणारे बूट कधी मिळणार? तिला बाकी कशाशी देणंघेणं नाही. सध्या एक छोटी फेश करून बघायची आणि जुलैत मिलटाउनला जायचं असं ठरतंय. नवरा म्हणतोय, तिथे तो सेट शिकणार. त्याने लग्नातल्या वरातीतही पाय हलवला नव्हता.

खवचट
त्याला सांगा, हात खाली ठेवायचे. निम्मा नाच तिथेच जमला.

मनवा७
@तगर, कडक बूट इतक्यात नवे घेऊ नका, या वयात पाय भराभर वाढतो. क्लासच्या जुन्या मुलींकडे विचारा, मोठ्या बहिणींचे बूट पडलेले असतात. आणि घरात लाकडी फरशी असेल तर खाली प्लायवुडचा तुकडा टाका, नाहीतर घरमालकाचा फोन येईल.

चिंटूची_आई
प्लायवुडचं मापही सांगा ना कोणीतरी. आमच्याकडे वरच्या मजल्यावर भाडेकरू आहेत आणि चिंटू आता मागे लागलाय.